पटाशीवरचं नाव नेमकं कोणाचं?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग जरा लोखंडी आहे.

माझ्यासमोर टेबलावर एक पटाशी पडली आहे. सुताराची साधी पटाशी, इंचभर रुंद. पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी आणि बुधवारी भरतो तिथे, भंगाराच्या ढिगातून उचललेली. पातं गंजलेलं आहे, पण मुठीच्या खाली अंगठा फिरवला की अक्षरं हाताला लागतात. वर ‘आय. सॉर्बी’, खाली ‘कास्ट स्टील’ आणि ‘शेफील्ड’. इंग्लंडमधलं शेफील्ड.

जुनी हत्यारं जमवणाऱ्या कुठल्याही माणसाला हा फोटो पाठवा, दोन मिनिटांत उत्तर येईल, “अरे वा, सॉर्बीने बनवलेली!” इथेच मला आज थांबायचंय. हा शिक्का पुष्कळ काही सांगतो. माल कोणाच्या नावावर विकला गेला, साधारण कुठल्या काळात विकला गेला, कुठल्या कायद्याच्या धाकाने त्यावर कुठला शब्द आला, हे सगळं त्यात आहे. ती बनवली कोणी, हे मात्र त्यात नाही. ते का नाही, हा शेफील्डच्या इतिहासातला जरा काळाकुट्ट भाग आहे. त्याकडे येऊ. आधी शिक्का वाचायला शिकू.

सुरुवात त्या ‘आय’पासून. ही ‘आय’ म्हणजे इयान किंवा आयझॅक नव्हे. जुन्या छापात आणि ठशात ‘जे’ या अक्षराच्या जागी ‘आय’ वापरायची पद्धत होती. म्हणजे हा ‘जे. सॉर्बी’, जॉन सॉर्बी. घराणं खरंच होऊन गेलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेफील्डमध्ये त्यांचं मोठं नाव होतं. पण पुढे गंमत अशी झाली, की तो मार्क मालमत्तेसारखा विकला गेला. वाडा विकावा, शेत विकावं, तसं नाव विकलं. सॉर्बी घराण्याशी ज्यांचा रक्ताचा संबंध नाही अशा कंपन्या पुढे कित्येक दशकं ‘आय. सॉर्बी’ ठोकत राहिल्या. गिऱ्हाइकाला नाव ओळखीचं होतं ना, बस्स.

शेफील्डमध्ये नावाला एवढी किंमत का? कारण तिथे नावाचा कारभार फार जुना आहे. १६२४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून तिथे कटलर्स कंपनी स्थापन केली. कटलर म्हणजे चाकू-सुऱ्या बनवणारे. कोणी कुठली खूण ठोकायची याची नोंद ही कंपनी ठेवायची. १६२४ म्हणजे बघा, शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचाय अजून. तारा, क्रॉस, सैतानाचं डोकं, कांगारू, तीन पानांचा शॅमरॉक अशा खुणा पुढे निघाल्या. शॅमरॉक दिसला तर बहुधा विल्यम मार्पल्स अँड सन्स, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे सापडणाऱ्या पटाश्यांमध्ये हे नाव बऱ्याचदा भेटतं.

आता दुसरी ओळ, ‘कास्ट स्टील’. इथे नवे संग्राहक हमखास फसतात. कास्ट म्हणजे ओतीव, म्हणजे बीड असणार, असं वाटतं. बिडाची पटाशी केली तर पहिल्या ठोक्याला तुकडे होतील. या शब्दामागे एक घड्याळजी आहे.

त्याचं नाव बेंजामिन हंट्समन. डॉनकॅस्टर गावात घड्याळं करायचा. त्या काळचं इंग्लिश पोलाद असं तयार व्हायचं: स्वीडनहून आलेल्या लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत रचायच्या, दगडी पेटीत बंद करायच्या आणि आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त भाजत ठेवायच्या. कोळशातला कार्बन लोखंडात शिरायचा, पण वरून जास्त आणि आत कमी. पट्टीवर फोड यायचे, म्हणून त्याला ‘ब्लिस्टर स्टील’ म्हणत. घड्याळाच्या स्प्रिंगला असलं असमान पोलाद चालत नाही. हंट्समनने १७४० च्या दशकात, शेफील्डजवळच्या हँड्सवर्थला, हे पोलाद मातीच्या मुशीत घालून पार वितळवलं. वितळलं की सगळं एकजीव. मग त्याची लगड ओतायची, आणि ती लगड पुन्हा तापवून घणाखाली घडवायची. म्हणजे ‘कास्ट’ ही झाली लगड. पटाशी घडवलेलीच.

असं सांगतात, की शेफील्डच्या कारागिरांनी आधी हे पोलाद घ्यायलाच नकार दिला, फार कडक म्हणून. हंट्समनने ते फ्रान्सला विकलं. तिथून उत्तम सुऱ्या बनून इंग्लंडच्या बाजारात यायला लागल्या, तेव्हा शेफील्डकरांचे डोळे उघडले. पुढे ‘कास्ट स्टील’ हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकात बऱ्याच आतपर्यंत हत्यारांवर ठोकला गेला. म्हणून एकट्या या शब्दावरून ‘दीडशे वर्षांपूर्वीची’ वगैरे म्हणू नका. जास्त पैसे मागायला विक्रेत्याला तो शब्द बरा पडतो, एवढंच.

आता जरा मुंबईला येऊ, कारण मुशीत पोलाद करायची कला हंट्समनच्या कितीतरी आधीपासून दक्षिण भारतात होती. आजच्या कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडूच्या भागात. त्या पोलादाला इंग्रज ‘वूट्झ’ म्हणायचे. कन्नडमधल्या ‘उक्कु’ शब्दाची इंग्रजांनी केलेली ही दशा. १७९० च्या दशकात मुंबईत राहणाऱ्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे, जोसेफ बँक्स यांना पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर प्रयोग केले आणि १७९५ साली निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनवलेलं असल्याचं म्हटलंय! पार्सल मुंबईहून आलं म्हणून माल मुंबईचा. बघा, ‘मेड इन’चा घोळ किती जुना आहे. ज्यांनी मूस लावली, भाता ओढला, त्या दक्षिणेतल्या लोहारांचं नाव तर सोडाच, त्यांचा मुलूखही शीर्षकात चुकला.

पुढे लंडनचा एक हत्यारं बनवणारा, जेम्स स्टोडार्ट, आणि त्याच्यासोबत तरुण मायकल फॅरडे (हो, तोच, विजेवाला) वूट्झचं गुपित शोधायला बसले. पोलादात वेगवेगळे धातू मिसळून बघितले. त्यात चांदीही होती. १८२० आणि १८२२ साली त्यांचे निबंध आले, मोठ्या प्रमाणातले प्रयोग तर शेफील्डमध्येच झाले. आणि मग बाजारात ‘सिल्व्हर स्टील’ असे शिक्के दिसायला लागले, वस्तऱ्यांवर, करवतींवर. त्यातल्या बहुतेकांत चांदीचा मागमूस नसायचा. शब्द खपला, चांदी वाचली.

असे फसवे शब्द अजून आहेत. करवतीवर ‘जर्मन स्टील’ दिसलं तर ती जर्मन नाही, शेफील्डचीच असू शकते. ते पोलादाच्या एका हलक्या प्रतीचं नाव होतं. ‘लंडन स्प्रिंग’चंही तेच, लंडनशी संबंध नाही. करवतीच्या मुठीवर पितळेचा गोल बिल्ला असतो, त्यावर ‘वॉरंटेड सुपीरियर’ लिहिलेलं असतं. ती कंपनी नव्हे. उलट, ज्या मालावर आपलं नाव नको किंवा दुकानदाराचं नाव घालायचंय, तिथे हा बिल्ला लावायचे.

आणि आता सगळ्यात मोठं भांडण: जर्मनी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतलं झोलिंगेन सुऱ्या-कात्र्यांसाठी, आणि शेजारचं रेमशाइड हत्यारांसाठी जोरात वाढत होतं. पण बाजारात मान शेफील्डला. मग काही जर्मन माल शेफील्डच्या नावाने, शेफील्डच्या खुणांसारख्या खुणा घेऊन बाहेर पडायला लागला. तो तेव्हा सगळाच चांगला नव्हता. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात फ्रान्झ रोलो या जर्मन तज्ज्ञानेच आपल्या देशाचा माल स्वस्त आणि वाईट असल्याचं जाहीर लिहिलं, आणि जर्मनीत गहजब झाला. इंग्लंडने १८८७ साली मर्चंडाइज मार्क्स कायदा केला. इंग्लिश नाव किंवा खूण असलेला परदेशी माल असेल, तर तो कुठे बनला ते त्यावर लिहिलंच पाहिजे. हिंदुस्थानात असाच कायदा १८८९ साली आला. म्हणजे मुंबई बंदरात उतरणाऱ्या पेट्यांनाही तोच नियम.

हेतू होता जर्मन मालाला बदनाम करायचा. झालं उलटंच. माल सुधारत गेला, आणि ‘मेड इन जर्मनी’ लोक मागून घ्यायला लागले. १८९६ साली अर्नेस्ट विल्यम्स नावाच्या इंग्रज लेखकाने याच नावाचं पुस्तक काढून आपल्या लोकांना घाबरवलं. मला विचाराल तर ब्रँडिंगच्या इतिहासात याच्यासारखी उलटलेली चाल दुसरी नाही.

आपल्याला यातून तारखा मिळतात. १८९० च्या मॅकिन्ले कायद्यानंतर अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायला लागलं, त्यामुळे नुसतं ‘इंग्लंड’ किंवा नुसतं ‘जर्मनी’ दिसलं तर साधारण १८९१ नंतरचा काळ धरा. ‘डी.आर.जी.एम.’ ही अक्षरं म्हणजे जर्मन साम्राज्यातली छोट्या सुधारणेची सरकारी नोंदणी, ती १८९१ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९०. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही. ‘स्टॅन्ली, मेड इन इंग्लंड’ असा रंधा मिळाला तर तो १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा. स्टॅन्ली मूळची अमेरिकन, शेफील्डची कंपनी विकत घेऊन तिथे शिरली. ‘रेकॉर्ड’चे रंधे १९३१ पासूनचे. पान्यावर ‘गेडोरे’ दिसलं तर तो शब्द म्हणजे गेब्रूडर डोविडाट, रेमशाइड, यांची पहिली अक्षरं. डोविडाट बंधू, १९१९.

फ्रेंच हत्यारांवर एक भारी प्रकार असतो, ‘ब्रेव्हते एस.जी.डी.जी.’. अर्थ काय? पेटंट आहे, पण सरकारची हमी नाही! १८४४ च्या फ्रेंच कायद्याने हे लिहिणं सक्तीचं होतं, १९६८ पर्यंत चाललं. सरकारने आधीच हात झटकलेले. हा शिक्का दिसला की मला दरवेळी हसू येतं.

बरं, आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे.

शेफील्डमध्ये एका हत्याराला एकच माणूस बनवत नसे. घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. आणि यातले कितीतरी जण कंपनीचे नोकरही नव्हते. त्यांना तिथल्या बोलीत ‘लिट्ल मेस्टर’ म्हणत, छोटा मालक. मालक कसला, एक खोली नाहीतर एक बाक भाड्याने, दगड फिरवायच्या ताकदीचंही भाडं, आणि नगावर मजुरी. पटाशी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत हातगाडीवरून, टोपलीतून फिरत फिरत तयार व्हायची. शेवटी ठसा लागायचा तो ऑर्डर देणाऱ्याचा.

सगळ्यात वाईट हाल धार काढणाऱ्यांचे. वाळूच्या दगडाचं भलंमोठं चाक, आधी नदीच्या पाण्यावर आणि मग वाफेवर फिरणारं. त्याच्यासमोर घोड्यावर बसल्यासारखं लाकडी बैठकीवर बसायचं आणि ओणवं होऊन पातं दगडावर दाबायचं. दगड आणि पोलाद दोघांची भुकटी थेट छातीत. कधी दगडच फुटायचा, माणूस जागेवर जायचा. पातं ओल्या दगडावर घासत, ते जरा बरं. काटे-चमचे घासणारे कोरड्या दगडावर. फ्रेडरिक एंगेल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात शेफील्डचे डॉक्टर नाइट यांचा हवाला देऊन आकडे दिलेत: कोरड्या दगडावरच्या कामगाराचं सरासरी आयुष्य जेमतेम ३५, ओल्या दगडावरच्याचं क्वचितच ४५ च्या पुढे. त्याच डॉक्टरांचं निरीक्षण असं, की त्यात जास्त जगतात ते पक्के दारुडे. का? तर ते कामाला दांड्या मारतात म्हणून!

धूळ अडवणारी साधनं निघाली होती. कामगारांनी ती नाकारली, काही ठिकाणी मोडली. वाचताना पहिल्यांदा डोकं चक्रावतं. पण त्यांचा हिशोब ऐका. काम सुरक्षित झालं तर जास्त लोक या धंद्यात येतील, मजुरी पडेल. आहे ती मजुरी टिकली ती मरणाच्या भीतीने. मी त्यांना अडाणी म्हणायला तयार नाही. पोट भरायचं दुसरं साधन नसलेल्या माणसाने केलेला तो हिशोब आहे.

आणि हाच हिशोब पुढे रक्ताला लागला. करवतींना धार काढणाऱ्यांची संघटना होती, विल्यम ब्रॉडहेड तिचा सेक्रेटरी. दिवसा संघटना, शिवाय पब चालवायचा. संघटना आजाऱ्याला, बेकाराला पैसे द्यायची, म्हणून माणसांची संख्या आटोक्यात ठेवायची. वर्गणी चुकवली, जास्त शिकाऊ पोरं ठेवली, की रात्रीत त्या माणसाच्या चाकाचा पट्टा गायब. पट्टा नाही तर दगड फिरत नाही, काम बंद. पण गोष्ट पट्ट्यावर थांबली नाही. जेम्स लिनली नावाच्या, जास्त शिकाऊ ठेवणाऱ्या धारवाल्याला १८५९ साली गोळी घातली, काही महिन्यांनी तो गेला. ऑक्टोबर १८६६ मध्ये एका धारवाल्याच्या घरात बारुदाचा स्फोट घडवला. सरकारने १८६७ साली चौकशी बसवली: पूर्ण खरं सांगाल तर माफी. ब्रॉडहेड उभा राहिला आणि त्याने कबूल केलं, पैसे मीच दिले. माफी ठरलेली, त्यामुळे फाशी कोणालाच नाही. इंग्लंड हादरलं. कामगार संघटनांवर मोठा आयोग बसला होताच, आणि १८७१ साली संघटनांना कायद्याने मान्यता देणारा कायदा झाला. त्या काळातली शेफील्डची करवत हातात आली, तर तिच्या पात्याची जाडी बोटांनी बघा. पाठीकडे ती बारीक होत जाते. ते निमुळतेपण या धारवाल्यांनी दगडावर काढलंय. करवतीवर नाव मात्र त्यांच्यापैकी कोणाचंच नाही.

कानशीचंही सांगतो, कारण कानस कोणी हातात घेऊन बघत नाही. यंत्रं यायच्या आधी कानशीचा एकेक दात छिन्नी-हातोडीने उठवायचे. खाली शिशाचा ठोकळा, कारण मऊ लागतो. हे काम घरोघरी, बायकाही करायच्या. शिसं अंगात भिनायचं. हाताने केलेल्या कानशीत ओळी किंचित वाकड्या असतात, भिंगातून दिसतं.

मग नावं अजिबातच सापडत नाहीत का? सापडतात, पण वापरणाऱ्यांची. लाकडी रंध्याच्या पुढच्या तोंडावर बघा. मोठा, एकदाच ठोकलेला ठसा बहुधा बनवणाऱ्याचा. छोटी, पुन्हा पुन्हा ठोकलेली नावं मालकांची. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. मुंबईच्या चोर बाजारात मी एक पाना पाहिला, त्यावर ‘जी.आय.पी.आर.’ होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. आणि माझ्याकडच्या एका इंग्लिश रंध्याच्या बाजूला खिळ्याने कोरलंय, देवनागरीत, ‘बा. स.’. बाबू? बाळकृष्ण? कोण होता कोणास ठाऊक. पण त्याच्या अंगठ्याने लाकडाला खळगा पडलाय. आपल्या गावच्या लोहाराने केलेल्या वाकसावर तर एवढंही नसतं, कारण ज्याच्यासाठी केला तो शेजारीच राहायचा, नावाची गरज कोणाला? इंग्लिश हत्यारांबरोबर शब्दही आले. आपलं ‘गिरमिट’ म्हणजे इंग्रजी ‘गिमलेट’च.

शेफील्डमध्ये केन हॉली नावाचे एक गृहस्थ होते, हत्यारांचे दुकानदार. १९५० च्या दशकापासून त्यांनी बंद पडणाऱ्या कारखान्यांतून वस्तू गोळा केल्या. तयार हत्यारं तर घेतलीच, पण अर्धवट घडवलेली पाती, कॅटलॉग, आणि बनवायला वापरलेली हत्यारंही उचलली. त्यांनी कारागिरांशी बोलून, त्यांचं काम चित्रित करून ठेवलं. ते २०१४ साली गेले. संग्रह आता तिथल्या केलम आयलंड संग्रहालयात आहे. भारतात असं कोणी केलंय का, असा प्रश्न मला लोक विचारतात. मी म्हणतो, तुमच्या गावात सुतारकाम करणारे शेवटचे आजोबा कोण, ते आधी सांगा.

तर कामाच्या गोष्टी. जुनं हत्यार मिळालं की ग्राइंडरला लावू नका. चकचकीत होतं, आणि ठसा कायमचा जातो. तेल लावून दोन दिवस ठेवा, मग बारीक स्टील वूलने हलकेच पुसा. ठसा वाचायला मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, अगदी आडवा धरा, अक्षरं उठून दिसतात. थोडी टाल्कम पावडर चोळली तर अजून बरं. आणि पैसे देऊन निघायच्या आधी विक्रेत्याला विचारा, “मामा, हे कुठल्या गावाहून, कोणाच्या घरातून आलं?” दहातले आठ जण उडवून लावतात. दोघे सांगतात. ते लगेच फोनमध्ये बोलून ठेवा, घरी जाईपर्यंत विसरतं.

पुढच्या भागात कुलपं. तोवर तुमच्या घरातल्या हत्यारांवरच्या ठशांचे फोटो पाठवा, आणि आजोबांचा आवाज रेकॉर्ड केलात तर तोही.